बेसिनच्या उंचीचा चेंडू

आमच्या मामाला सगळी गल्ली पानामामा म्हणते, कारण नळाचा पाना जेवतानाही त्याच्या खिशात असतो. तो प्लंबर आहे. बोलण्याआधी दोनदा खाकरतो, मग "कसंय ना" म्हणतो आणि जे कसंय ते सांगतच नाही. गळका नळ मात्र भिंतीपलीकडून कानाने ओळखतो. "वायसर गेलाय."

माझी धाकटी बहीण मुंगी. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात दोन वर्षं राखीव. शनिवारी निवड होती आणि खेळाच्या बाईंनी तिला बजावलं होतं, "दहांतले पाच चेंडू सपाट गेले पाहिजेत. नाहीतर यंदाही बाटल्या सांभाळ."

मामाने हे ऐकलं आणि रविवारी घरामागे एक पाइप उभा केला. खाली जड लोखंडी तबकडी, वर रबरी नळीचा तुकडा, त्यावर चेंडू. समोर जुना पडदा.

"मामा, ही टी आहे," मुंगी म्हणाली.

"चहा?"

"बॅटिंग टी हो! चेंडू हलत नाही, आपण नुसतं मारायचं."

"मग मार की."

चेंडूला बॅट नीट लागली की टण्ण, आणि चेंडू सपाट पडद्यात. रबराला लागली की भद्द. चार दिवस आम्ही भद्दच ऐकलं. मध्येच एखादा टुक, आणि चेंडू पडद्यावरून थेट शेजारच्यांच्या गच्चीत.

"खांदा पाड," मामा म्हणायचा. मुंगी खांदा पाडायची, चेंडू आणखी वर जायचा.

गुरुवारी आई कपडे वाळत घालायला आली. "अरे, चेंडू हिच्या काखेशी कशाला ठेवलायस? तोंड धुवायचंय का तिला त्यात?"

मामाने टेप काढली. पाइप बरोबर बत्तीस इंच. तीस वर्षं हाताला तीच सवय. वर रबर सहा इंच, ते हिशेबात धरलंच नव्हतं.

"च्यायला, मी बेसिन बसवलं!"

त्याने पाइप एक वीत आणि चार बोटं कापला. चेंडू मुंगीच्या कमरेखाली आला. हातात एकच दिवस होता. शुक्रवारी दोनशे फटके झाले. मामा पाठ करून बसला होता, नुसता ऐकत. दीडशेच्या पुढे म्हणाला, "आता वायसर बसला."

शनिवारी त्याला बघवेना. मैदानाकडे पाठ करून तो कडेच्या नळापाशी उभा राहिला आणि धडधाकट नळ पान्याने आवळू लागला.

टुक. टण्ण. चेंडू बाई टाकत होत्या, रबर नव्हतंच, त्यामुळे भद्दला तिथे जागाच नव्हती. टण्ण. टुक. टुक. टण्ण. प्रत्येक टण्णला पाना पाव वेढा फिरायचा. आठव्या चेंडूपर्यंत चार झाले. नववा गेला टुक. दहावा...

टण्ण! पाठोपाठ कडाड. नळ तुटून मामाच्या हातात आला आणि पाण्याचं कारंजं उडालं.

बाईंनी वहीत मुंगीचं नाव लिहिलं आणि तरातरा नळापाशी आल्या. "हे कोणी केलं?"

मामा नखशिखांत भिजलेला. दोनदा खाकरला.

"कसंय ना, बाई..."