शंख तीनदा वाजला

ग्वानाहा बेटाच्या मागच्या अंगाला, समुद्रात बुड्या मारायला येणाऱ्या पाहुण्यांचं रिसॉर्ट आहे. तिथल्या स्वयंपाकघरात मिस ओरेटाने उभा जन्म घालवला. नारळाच्या दुधातला पाव भाजावा तर तिनेच. पाहुणे निघताना माशांआधी तिच्या पावाचं नाव काढत. तिला त्याचं काही नव्हतं. तिचा जीव अडकलेला रेन्विकमध्ये, एकुलत्या एका पोरात.

पोरगा शेवंडीच्या, म्हणजे लॉबस्टर पकडायच्या, बोटीवर जायचा. खोल बुडी मारायची आणि घाईने वर यायचं. त्यात आमची किती तरणी पोरं कमरेपासून लुळी पडली, किती गेली. ओरेटाने मालकाच्या, पामर साहेबाच्या, हातापाया पडून त्याला इथेच काम मिळवून दिलं, पाहुण्यांना समुद्र दाखवायचं. "एवढी एकच खेप, आई. नाखव्याला शब्द दिलाय," म्हणून तो गेला.

आता शंखाचं ऐका. आमच्याकडे होडीवरून शंख तीनदा लांब वाजला की समजायचं, समुद्रावरून कोणाचं तरी प्रेत येतंय. चुलीवरचं उतरवून सगळे धक्क्यावर धावायचे. पामर साहेबाला हे कुठलं ठाऊक! त्याला आवाज आवडला, झालं. पाहुण्यांची होडी आली की तस्साच वाजवायचा, असं फर्मान निघालं. होडी चालवायचा ओरेटाचा भाऊ क्लिन्फर्ड. एकदाच वाजवतो, म्हणून त्याने विनवून पाहिलं. साहेब नुसता हसला. म्हाताऱ्यांनी शिव्या घातल्या, ओरेटा त्या दिवशी जेवली नाही. पण पोट कोणाला सुटलंय? हळूहळू त्याच आवाजावर आम्ही सरबताचे ग्लास भरायला लागलो. कान विकले आम्ही, दुसरं काय!

त्या शनिवारी नवे पाहुणे यायचे होते. रेन्विकही येईल म्हणून ओरेटाने एक पाव फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेला. दुपारी शंख वाजला. तीनदा, लांब. तिने हात पुसले, ट्रे उचलला आणि पोरींना दटावलं, "हसत उभ्या राहा गं, पाहुणे आले."

धक्क्यावर जुने पाहुणे आधीच जमले होते. होडी टेकताच त्यांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या. क्लिन्फर्ड टोपी काढून मान खाली घालून उभा होता. शेवंडीची बोट प्रवाळाच्या रांगेबाहेर थांबली होती. तिच्यावरून त्याने भाच्याला उतरवून आणलं होतं. शिडाच्या कापडाखालून पाय तेवढे बाहेर दिसत होते. आईला तेवढे पुरले.

"आज खरा वाजवला गं, ओरेटा," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला कळेल."

एक पाहुणी अजून टाळ्या वाजवत होती. ओरेटा तिच्याकडे वळून हळूच म्हणाली, "थांबा बाई. हा पाहुणा नाही. माझा मुलगा घरी आलाय."

मग तिने ट्रे खाली ठेवला, होडीत उतरली आणि त्याच्या पायांवर कापड नीट ओढलं.