बिशपवाल्यांच्या चर्चमधली बाकडी

चर्चच्या कमिटीवर नाव लागलं की माणूस देवाच्या जवळ जातो की नाही, माहीत नाही. किस्से मात्र ढीगभर जमतात! साताऱ्याच्या कॅम्पातलं आमचं दगडी चर्च मूळचं गोऱ्या सोल्जरांचं, बिशपवाल्यांचं, म्हणजे अँग्लिकन पंथाचं. एकोणीसशे सत्तरनंतर चर्चांच्या एकीकरणात त्यांची मंडळी आणि आमची मराठी मंडळी एक झाली, तेव्हा आम्ही पहिल्यांदा त्या दारातून आत गेलो.

*

त्यांची मंडळी म्हणजे किती? एक! मिस डोरा, रिटायर्ड शिक्षिका. भाऊ-बहिणी सगळे ऑस्ट्रेलियाला गेलेले. त्यांच्या एकटीसाठी पुण्याहून पाद्री येऊन अख्खी इंग्रजी उपासना घ्यायचे. ऑर्गन वाजवायच्या त्याच, गायच्या त्याच आणि दानाची थाळीही त्याच फिरवायच्या.

"फिरवायच्या कुणापुढे?" मी विचारलं.

"माझ्याच पुढे. चुकवता येत नाही हो!"

*

बाकड्यांच्या पाठीला एकेक खाच होती. कशाला, कुणालाच ठाऊक नाही. बायकांनी छत्र्या अडकवायला सुरुवात केली. शेवटी आमच्यातले कडेगावचे रिटायर्ड फौजी हवालदार याकोब यांनी एका नजरेत सांगितलं, "रायफल ठेवायची जागा हाय ती! सत्तावनच्या बंडानंतर गोरं शिपाई बंदूक घिऊनच बसायचं."

"प्रार्थनेला बंदूक?"

"आवं मास्तर, डोळं मिटायचं म्हंजे भ्या वाटणारच की!"

*

आमच्या पाळकांची, म्हणजे मराठी पाद्रींची, आई जतहून आली. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या तिनं माझ्याकडून वाचून घेतल्या. विशीतली सोल्जर पोरं, कुणी तापानं गेलेलं, कुणी पटकीनं. म्हातारीनं पदरानं एक पाटी पुसली.

"पानी उकळून प्या म्हनून सांगाय कोन न्हवतं व्हय ह्यास्नी?"

मला त्या पोरांचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

*

कापणीच्या सणाला लोक पिकलेलं आणून वाहतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. हवालदारांनी एकच भोपळा परत परत जिंकला आणि दर वेळी चर्चला देऊन टाकला. मिस डोरा चक्रावल्या. "ह्यांना भोपळा हवाय की नकोय?"

"बाई, भोपळा देवाचाच हाय. आमी निस्तं त्येला फिरवून आनतो!"

*

मग कमिटीनं ठरवलं, बाकडी काढायची. आमच्या बायकांना सतरंजीवर बसायची सवय, बाकड्यांनी जागा फार अडायची. पुढच्या सणाला बाकडी लिलावात आली. त्यात मिस डोरांचं पुढचं बाकडंही होतं. आईवडिलांच्या मधे बसून त्या तिथेच लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. मला तर बघवेना.

हवालदारांनी दुसऱ्या कुणाला बोली लावूच दिली नाही. बाकडं जिंकलं आणि हुकूम सोडला, "ह्ये हितंच ऱ्हाईल. बाईंबिगर हितं कुनी बसायचं न्हाई!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी सगळीकडे सतरंज्या आणि पुढे ते एकटं बाकडं, हवालदारांनी स्वतः पॉलिश केलेलं. मिस डोरा आल्या. दाराशी वाकून त्यांनी बूट काढले. बाकड्यावर पर्स ठेवली, त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग सतरंजीवरच्या बायकांच्या घोळक्यापाशी जाऊन म्हणाल्या, "सरका की गं जरा!"