दहा पॉइंट दोन

"होस्टेलच्या पोरी कोण? हात वर करा."

दोन हात वर झाले. एक माझा, एक सुमलीचा. अकरावीचं पहिलं केमिस्ट्री प्रॅक्टिकल होतं.

"तुम्ही दोघी बेसिनपाशी उभ्या राहा. काच धुवायची. ब्युरेटला हात लावायचा नाही." एवढं सर मराठीत म्हणाले. मग बाकीच्या मुलांकडे वळून घरच्या अहिराणीत म्हणाले, "दगडं फोडाना हात शेतस यास्ना. काच कशी टिकी?"

मुलं हसली. मीही हसले. सुमली हसली नाही.

आम्ही दोघी सातपुड्यातल्या, धडगावच्या पलीकडच्या एकाच गावच्या. आश्रमशाळेत दहावी करून तापीकाठच्या एका मोठ्या गावात कॉलेजला आलो होतो. सरकारी वसतिगृहात राहायचो. कॉलेजात बहुतेक मुलं केळी-उसाच्या बागायतदारांची होती, थोडी बाजारपेठेतल्या दुकानदारांची. कोणी आम्हाला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. सर नावाने हाक मारत नसत, एवढंच. "होस्टेल, पाणी आण." "होस्टेल, फ्लास्क पुसले का?"

ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली उभी काचेची नळी. खाली तोटी. नळीत परमँगनेटचं जांभळं द्रावण भरायचं आणि खालच्या फ्लास्कमधल्या रंगहीन द्रावणात थेंब थेंब सोडायचं. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. ते रीडिंग. असं तीनदा करायचं. सगळं मिळून अर्धा तास. पुस्तकात ते एका पानाचं होतं. मला ते पाठ होतं. केलं नव्हतं.

टेबलावर पाच जण असत. त्यातला एक तोटी फिरवी, बाकीचे गप्पा मारत. रीडिंग कोणी वाचत नसे. गरजही नव्हती. मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नल वर्गात फिरत असत आणि त्यात रीडिंग लिहिलेलं असे. दहा पॉइंट दोन. ते मागच्या वर्षीच्यांनी त्यांच्या मागच्यांकडून घेतलेलं. द्रावण रोज नवीन बने, आकडा तोच राही.

माझं अक्षर चांगलं होतं. ते आधी एका मुलीच्या लक्षात आलं. तिच्या वडिलांची प्रकाशा गावाकडे शेती होती.

"तुन्हं अक्षर कितलं भारी शे! मन्ही जर्नल बी लिखी दे ना, बहीण."

मी लिहून दिली. ती मला कॅन्टीनला सोबत घेऊन गेली, तिच्या मैत्रिणींमध्ये बसवलं. मग तिच्या मैत्रिणीची लिहिली, मग दोन मुलांची. वर्षअखेर मी चौदा जर्नल लिहिल्या होत्या. कोणी जबरदस्ती केली नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. मला ते आवडत होतं.

त्यात मी एक सुधारणाही केली. बाकीचे तीनही रीडिंग दहा पॉइंट दोन लिहीत. मी पहिलं दहा पॉइंट तीन लिहीत असे, पुढची दोन दहा पॉइंट दोन. पहिल्या वेळी हात थोडा चुकतो, असं वाटावं म्हणून. सरांनी ते बरोबर हेरलं. वर्गासमोर जर्नल उंच धरून म्हणाले, "बघा. याला म्हणतात जर्नल. खरं वाटतं."

त्या दिवशी वसतिगृहाच्या वाटेवर मी गाणं म्हणत गेले. माझ्या नखांत परमँगनेटचे तपकिरी डाग होते. ब्युरेट धुताना लागलेले.

सुमलीने जर्नल कोणाची लिहिली नाही आणि कोणाची घेतलीही नाही. एका दुपारी प्रॅक्टिकल संपलं, मुलं जेवायला गेली, सरही गेले. मी बेसिनवर होते. सुमलीने एक ब्युरेट धुऊन परत स्टँडला लावली. जांभळं द्रावण भरलं. मी म्हटलं, "ठेव ते. सर येतील." तिने ऐकलं नाही. तीनदा केलं. प्रत्येक वेळी नळीसमोर वाकून, डोळा आकड्याच्या रेषेत आणून वाचलं. मग जर्नलमध्ये लिहिलं. अकरा पॉइंट सहा. अकरा पॉइंट नऊ. अकरा पॉइंट सात.

पुढच्या आठवड्यात सरांनी जर्नल तपासायला घेतल्या. सुमलीची उघडून थांबले.

"हे काय आहे?"

"आलं ते लिहिलं, सर."

"आलं ते?" सरांनी बेसिनकडे बघितलं. "होस्टेल, इकडे ये. सांग, किती यायला पाहिजे?"

मी हात ओढणीला पुसत गेले. "दहा पॉइंट दोन, सर."

"आणि हिचं?"

सुमली माझ्याकडे बघत होती. तिने मोजलं तेव्हा मी तिथे होते. तिने किती सावकाश तोटी फिरवली, ते मी पाहिलं होतं. त्या खोलीत ते पाहिलेली मी एकटीच होते.

"चुकलं, सर," मी म्हणाले.

सरांनी पानावर लाल रेघ मारली. परत लिहून आण म्हणाले. सुमलीने परत लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. जर्नलवर सरांची सही झाली नाही. सहीशिवाय वार्षिक प्रॅक्टिकलला बसता येत नाही. तिला बसू दिलं नाही.

वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. भांडण झालं नाही. तिने एकच प्रश्न विचारला, आमच्या पावरी बोलीत. तू ते एकदा तरी केलं आहेस का?

मी केलं नव्हतं. चौदा जर्नल लिहिल्या होत्या, एकदाही केलं नव्हतं.

सुट्टीत ती गावी गेली. जूनमध्ये मी परत आले. ती आली नाही. खाटेवर दुसरी मुलगी आली.

बारावीचं वर्ष तसंच गेलं. बेसिन तेच, जर्नल वाढल्या. बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या सकाळी लॅबमधल्या शिपाईदादांनी मला लवकर बोलावून घेतलं. बाटल्या भरायच्या होत्या. परमँगनेटची मोठी बाटली पाऊणच भरलेली होती.

"सोल्यूशन कमी पडी ऱ्हायनं. पानी टाक."

"किती, दादा?"

"गळापर्यंत. कोन दखस?"

मी नळाखाली बाटली धरली आणि गळ्यापर्यंत भरली. रंगात फार फरक दिसला नाही. पण द्रावण पातळ झालं होतं. आता तेच काम करायला ते जास्त लागणार, हे मला कळत होतं. पुस्तक पाठ होतं.

अकरावीच्या वार्षिकलाही टेबलावर पाच जणांत एकच होती; बोर्डाच्या परीक्षेत मात्र प्रत्येकाला वेगळी ब्युरेट मिळते. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर एक होती. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले परीक्षक खुर्चीत बसले होते. आमचे सर टेबलांमधून फिरत होते. फिरता फिरता प्रत्येकाच्या कानाशी वाकत. माझ्या कानाशी वाकले नाहीत. मला सांगायची गरज नव्हती.

मी तोटी फिरवली. पहिल्या वेळी एकदम सोडलं, फ्लास्क गडद गुलाबी झाला. ओतून दिलं. पुन्हा केलं. थेंब पडे, रंग पसरे, फ्लास्क हलवला की जाई. मग एक थेंब पडला आणि रंग गेला नाही. मी वाकले. आकड्याच्या रेषेत डोळा आणला. बारा पॉइंट सात. पुन्हा केलं. बारा पॉइंट पाच. पुन्हा. बारा पॉइंट पाच.

मग उत्तरपत्रिका ओढली आणि लिहिलं, दहा पॉइंट दोन.

इथे तरी खोटं मला लिहायचं नाही. मी आधी तेच लिहिलं. विचार करून नाही. हाताने लिहिलं. शाई वाळायच्या आत मला सुमलीचा प्रश्न आठवला आणि पहिल्यांदा त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. हो, आत्ता केलं. स्वतः केल्यावर दहा पॉइंट दोन लिहिणं म्हणजे काय, ते कोणी सांगायची गरज राहिली नाही. मी आकडा खोडला. वर लिहिलं, बारा पॉइंट पाच.

परीक्षकांनी पेपर घेतला. "खाडाखोड का?" मग आकडा बघितला. "बारा पॉइंट पाच? बाकी सगळ्यांचं दहा पॉइंट दोन आहे. नाव काय तुझं?"

मी बोलायच्या आत सर पुढे झाले. "होस्टेलची आहे, सर." नाव सांगायला त्यांनी यादी हातात घेतली आणि बोट फिरवत शोधू लागले. दोन वर्षं झाली होती. सापडेना. मीच सांगितलं.

"रीडिंग कळत नाही तिला," सर हसत म्हणाले. "पण काच धुवावी तर तिनेच. एकदम चकाचक."

परीक्षक हसले. टेबलांवरची मुलं हसली. कॅन्टीनला सोबत नेणारी ती मुलगीही हसली. तिची जर्नल, माझ्या अक्षरातली, परीक्षकांसमोरच्या गठ्ठ्यात होती.

"बाळ, दहा पॉइंट दोन कर," परीक्षक म्हणाले. आवाज प्रेमळ होता. "मार्क कशाला घालवतेस?"

"नाही करणार, सर."

"काय?"

"बाटलीत सकाळी मीच पाणी टाकलंय. गळ्यापर्यंत. दहा पॉइंट दोन आज इथे कोणालाच येणार नाही. तुम्ही करून बघा."

शिपाईदादा दारात होते, ते बाहेर गेले. सर माझ्याजवळ आले आणि दात आवळून, हळू आवाजात म्हणाले, "शानी व्हयनी का तू?"

परीक्षकांनी ब्युरेटकडे बघितलं. एक मिनिट तरी बघितलं असेल. करून बघितलं नाही. घड्याळ बघितलं. शेजारच्या खोलीत जेवण मांडलं होतं.

"पुढचा नंबर," ते म्हणाले.

मला तीसपैकी सतरा मिळाले. ज्यांच्या जर्नल मी लिहिल्या, त्यांना अठ्ठावीस, एकोणतीस. बीएस्सीच्या पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या यादीतही नव्हतं. तिसऱ्या यादीत दूरच्या कॉलेजात लागलं. गोष्ट इथे संपवली तर मी चांगली दिसते. म्हणून इथे संपवत नाही.

मी आता शिक्षिका आहे. सपाटीवरच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी मूल्यमापनासाठी पथक येणार होतं. प्रात्यक्षिकाच्या कार्यपत्रिका भरून हव्या होत्या. हरभरा भिजवायचा, रोज मोड मोजायचा, लांबी रकान्यात लिहायची. आठ दिवसांचं काम. हातात दोन दिवस होते. मुख्याध्यापकांनी आकडे भरलेला नमुना दिला. मी तो फळ्यावर लिहिला. मुलांनी उतरवला. सगळ्यांच्या हरभऱ्याला सारखाच मोड आला.

एका मुलीने उतरवला नव्हता. तिने घरी हरभरा भिजवला होता आणि स्वतःच्या पट्टीने मोजलं होतं. तिचे आकडे वेगळे होते. मधले दोन रकाने कोरे होते, कारण त्या दोन दिवसांत ती आजारी होती. मी लाल पेन घेतलं. तिच्या आकड्यांवर रेघ मारली, फळ्यावरचे लिहायला सांगितले आणि खाली सही केली.

तिने लिहिले. मुकाट्याने लिहिले. ती भांडली असती तर मला कमी लाज वाटली असती.

सुमली कुठे राहते, मला माहीत आहे. दोन तासांचा रस्ता आहे. मी गेलेली नाही. काय तोंड घेऊन जाऊ?

त्या मुलीशी मात्र या जूनमध्ये बोलले. वर्गात, सगळ्यांसमोर. तुझे आकडे बरोबर होते, मी खोडले ते चूक होतं, असं म्हणाले. मुलं गोंधळली. ती खाली बघत राहिली. माफ करायचं ओझं तिच्यावर टाकायचं नव्हतं. म्हणून माफी मागितली नाही.

या वर्षी पुन्हा पथक येणार आहे. स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनी नमुना पुढे सरकवला. मी तो परत सरकवला.

"मॅडम, सगळे करतात."

"मी नाही करणार."

"रकाने कोरे दिसले तर शाळेचं काय होईल?"

"कोरे दिसतील, सर."

ते खुर्चीत मागे टेकले. बाकीच्यांकडे बघून हसले. "मॅडमले तोरणमाळ दखाडनं पडी."

सगळे हसले. घाट चढून वर सातपुड्यात पाठवणं ही इथल्या शिक्षकांना शिक्षा वाटते. मी हसले नाही. तिथली मुलं माझ्या बोलीत बोलतात. तिथेही वर्ग आहेत आणि कार्यपत्रिका आहेत, आणि बहुधा तिथेही कोणीतरी नमुना फळ्यावर लिहीत असेल.

पाठवायचं तर पाठवा. आदेश आला की दुसऱ्या दिवशी हजर होईन. इथे असो वा तिथे, माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल स्वतः मोजेल आणि मोजलेलंच लिहील. चुकलं तर पुन्हा मोजेल. ज्याला मोजायला मिळालं नाही, त्याचा रकाना कोरा जाईल आणि का कोरा, ते खाली माझ्या अक्षरात लिहिलेलं असेल. माझ्या पूर्ण नावासकट.