थुंकीने पुसलेली पाटी

ज्या गोष्टीला हात लावायला परवानगी लागते तिच्याशी माझं जुनं वैर आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, धुळ्यात, ते वैर सोबत घेऊनच मी अरबी मुळाक्षरं शिकायला गेलो.

शहरात तेव्हा वातावरण तापलेलं होतं. आमच्या वस्तीतल्या सभेत एकाने पलीकडच्या मोहल्ल्यातल्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, तिथे आपल्याला शिव्या लिहिल्यात. सगळ्यांनी माना हलवल्या. मला ती उर्दू लिपी वाचता येत नव्हती, त्यामुळे विरोधही करता आला नाही. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. स्वतः वाचल्याशिवाय मान हलवायची नाही, हे वडिलांनी भाकरीबरोबर भरवलेलं. ती भिंत आठवड्यात चुन्याने पांढरी झाली, पण भिंती पुष्कळ होत्या. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या द्वेषावर मला जगायचं नव्हतं.

यंत्रमागांच्या गल्लीत एक विधवा बाई ओट्यावर लहान पोरींना कायदा, म्हणजे अरबीचं पहिलं पुस्तक, शिकवायच्या. उर्दूचीही बहुतेक अक्षरं तीच. पोरी त्यांना आपा म्हणायच्या. मी बाई म्हणायचो, नगरपालिकेच्या शाळेत म्हणायचो तसं.

"कशाला शिकतोस?" त्यांनी विचारलं.

"वाचायला."

"आमच्यावर नजर ठेवायला?"

"तुमच्यावर नाही. आमच्यावर."

त्यांना ते पटलं नाही. तरी म्हणाल्या, "बस. पोरींच्या मागे."

वस्तीत आमच्या शेजारच्या नानांनी सगळ्या गल्लीच्या वतीने टोमणा मारलाच, "काय भाऊ, टोपी शिवाले टाकी का? बठ्ठी गल्ली बोली राह्यनी."

"नाना, तुम्ही मान हलवली तेव्हा वाचून हलवली होती का?" मी विचारलं. नाना पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरं झालं.

आवाजांनी मला छळलं. ह दोन. एक ओठांवर फुंकर घालावी तसा, दुसरा घशाच्या तळातून. तीन तऱ्हेचे स. आणि ऐन नावाचा आवाज, जो काढताना मला उलटीच यायची. पोरी फिदीफिदी हसत. "गळ्यातून, बेटा, नाकातून नाही," बाई म्हणत, आणि त्या 'बेटा'मध्ये माया औषधालाही नसे.

एके दिवशी धडा भरून पाटी संपली. मी तिच्यावर थुंकलो आणि कोपराने पुसली. आम्ही सगळे शाळेत तशीच पुसायचो.

बाईंनी पाटी हिसकावली. "हर्फांवर, अक्षरांवर थुंकतोस?"

"पेन्सिलीच्या रेघा आहेत त्या."

"इथे पाटी पाण्याने धुतात. बादलीत. ते पाणी मोरीतही जात नाही, डाळिंबाच्या झाडाला जातं. या पोरींना कळतं."

माझं डोकं फिरलं. "अक्षर पवित्र झालं की त्याला कुणी शिवायचं हे ठरवणारा उभा राहतो. आमच्या आज्या-पणज्यांनी तेच भोगलंय. मी कुठल्याच अक्षराच्या पाया पडणार नाही."

"मी तुला शिवू दिलं की नाही?"

"अट घालून."

"माझा ओटा आहे. अट माझीच असणार. धुवायची नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

अर्धी अक्षरं बाकी होती. सोडली असती तर पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. आणि पाटी बादलीत धुतली असती तर माझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य खोटं पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी घरून ओलं फडकं नेलं. धडा झाल्यावर पाटी फडक्याने पुसली, फडकं पिशवीत टाकलं आणि आमच्या घरच्या मोरीत पिळलं. बाईंनी त्या फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बादली पायाने माझ्यापासून लांब सरकवली. मग पुढचं अक्षर काढून दिलं.

शेवटच्या अक्षरापर्यंत असंच चाललं. ना त्या नमल्या, ना मी. आमच्यात धड्याबाहेरचा एक शब्द झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी कायद्यात मधेच कुठेतरी बोट ठेवलं आणि मला वाचायला लावलं. मी जोडून जोडून ती ओळ वाचली. पोरी पाट्यांवरून माना वर करून बघत होत्या.

"झालं. आता यायची गरज नाही," त्या म्हणाल्या. मी चपला घालत होतो, तेवढ्यात पाठीमागून आलं, "ऐन अजून कच्चा आहे."

ते खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला, आणि यंत्रमागांच्या खडखडाटात, कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून जोरजोरात, तो ऐन घशातून ओढत मी घरापर्यंत चालत गेलो.