बोरमाळ सगळ्यात लहानाकडं

माझ्या सासऱ्यांनी सोन्याची बोरमाळ सहा वर्षांच्या पोरीच्या कमरेला बांधली, तेव्हा मी म्हटलं, संपलं! आता काही ती परत दिसत नाही.

काल पहाटे ते, आमचे आबा, गेले. सकाळपासून फोन वाजतोय. सगळे म्हणतायत, देवमाणूस होता.

देवमाणूस वगैरे काही नाही हो. हट्टी, हेकट आणि कायम आपलंच खरं करणारा माणूस. वैताग म्हणजे, ते खरंच निघायचं.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. आम्ही सांगलीहून औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो.

ओटी भरायची म्हणून मी सासूबाईंची बोरमाळ घातली होती. त्या गेल्यावर त्यांची म्हणून घरात उरलेली ती एकच वस्तू.

दर्शन झालं आणि आमच्या साहेबांना, म्हणजे नवऱ्याला, कॅम्पिंगचा झटका आला. ऑनलाइन मागवलेले दोन टेंट डिकीत होतेच. मित्राचं शेत जवळच होतं.

टेंट बघून आबा पोट धरून हसले. निम्मं आयुष्य मेंढरांमागं माळावर झोपून काढलेला माणूस!

"पैसं घालवून उघड्यावर झोपायचं? लय शाणी झालासा."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माळ काढ. ओवीकडं दे."

ओवी माझी मुलगी. वॉटरबॅग, स्वेटर, एका पायातला बूट, जे हातात देऊ ते हरवून यायची. घरात तिचं नावच 'हरवी' पडलेलं.

"अहो आबा, हिच्याकडे?"

"बिऱ्हाड उघड्यावर असलं की दागिना सगळ्यात ल्हान पोराजवळ. आमच्यात असंच हाय. मोठ्या माणसामागं धा कामं. पोराला एकच."

फडक्यात गुंडाळून, दोरीनं तिच्या फ्रॉकखाली बांधलीसुद्धा. वर मलाच दम.

"दिली म्हंजी दिली. सारखं इचारायचं न्हाई."

मी विचारलं नाही. पण सारखी तिला जवळ घेत होते. प्रेमानं नाही, चाचपायला.

संध्याकाळी रस्त्यानं मेंढरं आली. आटपाडीकडची, आबांच्याच गावची. चाऱ्यासाठी पश्चिमेकडं निघालेली. आबा थेट रस्त्यात जाऊन उभे.

"या की रं गड्यांनो! जागा लय हाय!"

झालं. आमच्या कॅम्पसाइटवर अख्खा कळप!

सकाळी डोळे उघडले तर समोर मेंढीचं तोंड. एक टेंट आडवा. ब्रेड फस्त. नवऱ्याच्या नव्याकोऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये लेंड्याच लेंड्या.

ओवी त्याच लेंड्यांत घसरून पडली होती आणि बोअरच्या पाइपखाली आंघोळ करून कुडकुडत आली होती. मी टॉवेलनं पुसायला घेतलं, कमरेला हात लावला.

दोरी नाही.

"माळ कुठाय? ओवी, माळ कुठाय?" मी एवढ्या जोरात ओरडले की पोरगी रडायलाच लागली. नवरा लेंड्या उपसायला लागला.

आबा आले. "वरडू नगंस तिला. कुणाला दिलीस गं बाय?"

"बानूला," ओवी हुंदके देत म्हणाली. "आंघोळीत भिजली असती ना. तुम्हीच म्हणालात सगळ्यात लहानाकडं. बानू माझ्यापेक्षा लहान आहे."

बानू म्हणजे त्या मेंढरंवाल्यांची पोर. वय वर्षं तीन. आणि तेवढ्या वेळात ते बिऱ्हाड पुढं निघून गेलं होतं!

टेंट तसेच टाकून आम्ही गाडी काढली. मी यमाईला नवसावर नवस बोलत होते. आबा पुढच्या सीटवर, काच खाली करून दिसेल त्याला विचारत होते, "मेंढरं कुठल्या अंगाला गेली रं?"

मागं ओवी मुसमुसत होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढी संतापले होते.

सापडली एकदाची मेंढरं. घोड्यावर भांडी, कोंबड्या, एक कोकरू आणि सगळ्यांच्या वर बसलेली बानू.

तिच्या आईला काहीच पत्ता नव्हता. "आवं बाई, कसली माळ?" म्हणताना बिचारीचा चेहरा पडला. तिनं बानूला खाली उतरवलं, तशी बानूनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.

"न्हाई! ओवीची हाय!"

आईला देईना. मी हात पुढं केला, मला देईना. नवऱ्यानं चॉकलेट दाखवलं. चॉकलेट घेतलं, माळ नाही दिली.

आबा खाली वाकले. "बाळा, माझीच हाय ती."

"न्हाई!"

आबांच्या तोंडावर नुसता आनंद. "बघा, मलाबी देईना!"

मग ओवी पुढं गेली, डोळे पुसत. बानूनं लगेच झबलं वर केलं. दोरीला ओवीनं मारलेल्या वेड्यावाकड्या गाठी. फडकं सोडलं, आत बोरमाळ. एक मणी इकडचा तिकडं नाही.

ओवीनं ती माझ्या हातावर ठेवली. "हरवली नाही, आई."

मी तिथंच रस्त्यात बसले आणि दोन्ही पोरींना कुशीत घेऊन ढसाढसा रडले. लाज वाटत होती आणि इतका आनंद झाला होता की काय सांगू.

आबांनी भर रस्त्यात आरोळी ठोकली. "दोघींचं वय मिळून धा भरंना, आन् दागिना जाग्यावर! आता हिला कुणी हरवी म्हणून दावा!"

कुणाची टाप होती?

आज ओवी नऊ वर्षांची आहे. सासूबाईंची बोरमाळ तिच्याकडंच असते. कुठं ठेवते, मी विचारत नाही.

आबा, तुमच्याच बोलीत सांगते. निवांत जावा. मागचं समदं जाग्यावर हाय.

तुम्हाला मनापासून नमस्कार.