परदेशी पावडरचा परवाना

परभणीत माझं औषधांचं दुकान होतं. जिंतूरकडचा एक म्हातारा दर महिन्याला लेकीच्या फिटच्या गोळ्या न्यायला यायचा. डॉक्टरची चिठ्ठी कपाळाला लावूनच माझ्या हातात द्यायचा.

एकदा गोळ्याच आल्या नाहीत. कंपनीनं कळवलं, गोळ्यांची पावडर परदेशातून येते, नशेच्या नव्या कायद्यात बसते, आयातीचा परवाना दिल्लीत अडकलाय. मी त्याला तसंच सांगितलं.

"नशा कोण करायलाय, साहेब? लेक चुलीपाशी पडायली."

स्टेशनामागं गांजा उघड मिळत होता, आणि या पोरीच्या गोळीसाठी दिल्लीवाले सह्यांवर सह्या मागत बसले होते!

तीन महिन्यांनी गोळ्या आल्या. म्हाताराही आला, पण चिठ्ठी कपाळाला लावली नाही.

"आधी भाजल्याचं मलम द्या," म्हणाला.

ते लगेच दिलं. त्याला कुणाचाच परवाना लागत नव्हता.