लई जागा हाय

शेजारच्या काकांनी सतरा सीटची गाडी घेतली, तेव्हापासून कुणीही दिसलं की बॉनेटवर हात फिरवत ते म्हणत, "बसा की, लई जागा हाय." परवा त्यांनी आम्हा दोन्ही घरांना नान्नजच्या अभयारण्यात नेलं. गुडघे धरलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईला त्यांनी शब्द दिला होता, काळविटं खिडकीतूनच दाखवतो.

फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "एवढी मोठी गाडी आत न्हाय जात. चालत जावा."

काकांचा चेहरा उतरला. "आदी इचारायला पायजे हुतं," एवढंच पुटपुटत त्यांनी आईला पाठीवर घेतलं. आम्हाला त्यांच्याकडे बघवेना.

माळावर कळप दिसताच आईनं त्यांच्या डोक्यावर टपली मारली. "वर बग की, किती हायती!"

काकांनी मान वर केली नाही.